दंडाला दोन वेढे

३ मार्च

दादा,

आज सकाळी मी फोन केला तो तू कापलास. पुन्हा केला, पुन्हा कापलास. मग आईने तिच्या फोनवरून लावला तर पहिल्या घंटेला उचललास. ठीक आहे. पत्र मध्येच कापता येत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून झाल्यावर.

आईने तुला सांगितलं, "इकडे सगळं छान आहे, तू काळजी करू नकोस." मी शेजारीच बसलो होतो. सगळं छान नाही. वहिनींना सातवा महिना लागला आहे आणि त्यांचं बीपी वाढलेलं आहे. दवाखान्यातल्या सिस्टरांनी दोन वेगवेगळ्या दिवशी मोजलं, दोन्ही वेळा वाढलेलंच निघालं. त्यांनी साफ सांगितलं की उभ्याचं काम बंद करा, दर आठवड्याला येऊन दाखवा, आणि आणखी चढलं तर भरती व्हावं लागेल. बाळाच्या वाढीवर परिणाम होतो, असंही म्हणाल्या. त्यावर आपली आई त्यांना काय म्हणाली ते ऐक.

"अहो, तुमचे पांढरे कपडे बघूनच वाढतो तो दाब. माझासुद्धा वाढतो. घरी गेलं की आपोआप उतरतो."

सिस्टर वैतागल्या. "मग घरी मोजा, आजी. पण रोज मोजा."

म्हणून बाबांच्या आजारपणातलं मशीन मी माळ्यावरून काढलं. तेच ते, हाताने फुगवायचं, गोल तबकडीचं. नळी कानात घालून ठोका कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो ते कसं ऐकायचं, हे सिस्टरांनी मला शिकवलं. मला जमतं. आठवडाभर रोज सकाळी मोजलं. घरीही आकडा वाढलेलाच आहे. कुठेही पांढरे कपडे नव्हते. मी माझा निळा सदराच घातला होता.

आणि परवाच हे सगळं आईने तुला फोनवर सांगितलं होतं, तेव्हा तू काय म्हणालास? "मशीनच बिघडलं असेल. जुनं आहे ते. गुंज्याला सांग, काटा बसवून देईल."

काटा बसवून देणं म्हणजे काय, हे तुला कळतं आणि मलाही कळतं. तुझ्या किराणावाल्या मित्राचा वजनकाटा मी बसवून दिला नाही, म्हणून तर गेल्या सुट्टीत तू भर दुकानात मला बोललास आणि तेव्हापासून बोलणं टाकलंस. त्याला काटा कुठे हवा होता ते तुलाही दिसत होतं. गिऱ्हाइकांसमोर मी बोलायला नको होतं हे मान्य, पण काटा मी हलवला नसता. आजही हलवणार नाही. "तुला काट्यापुढे माणूस दिसत नाही," असं तू जाताना म्हणालास. माणूस दिसतो म्हणूनच हे लिहितो आहे.

मशीन मी उघडून पाहिलं. आपल्या काटेदुरुस्तीच्या दुकानातल्या दाब तपासायच्या प्रमाण गेजला जोडून तपासलं. काटा बरोबर आहे.

तू फक्त एक कर. वहिनींना सांग, "रजा घे." त्या कपड्यांच्या कारखान्यात, इस्त्रीच्या विभागात दिवसभर उभ्या असतात, वाफेत. मी सांगून पाहिलं. म्हणतात, "बसून इस्त्री होते का, भाऊजी? आणि आत्ता जागा सोडली तर परत मिळायची नाही. तुमचे दादा सांगतील तेव्हा बघू." तुझ्या एका वाक्याला त्यांच्याकडे जेवढं वजन आहे तेवढं माझ्या दहा पानांना नाही. तेव्हा ते वाक्य सांग.

धाकटा

९ मार्च

दादा,

तू वहिनींशी बोललास. काय बोललास? त्या हसत हसत आतल्या खोलीतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे दादा म्हणतात, आधी मशीन दुरुस्त कर, मग माणसं." आईही हसली. मी हसलो नाही. बंदरातल्या क्रेनवर एवढ्या उंच बसून तुला जमिनीवरचं सगळंच लहान दिसत असेल.

पण जे आहे ते लिहायला हवं, म्हणून लिहितो. मशीनमध्ये खरंच दोष निघाला.

काट्यात नाही. काटा बरोबरच आहे. पण दंडाला बांधायच्या पट्ट्यातला रबरी फुगा एका कडेला चिरला होता. पाण्यात बुडवला तेव्हा बारीक बुडबुडे आले. हवा गळत असेल तर मोजलेल्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे मला मान्य करावंच लागलं. नवा पट्टा आपल्या इकडे सुटा मिळत नाही. मग जुन्या बाजारात दोन दिवस घालवले. शेवटी एका मोडक्या मशीनचा पट्टा मिळाला, फुगा अगदी धडधाकट. नळीचं तोंड वेगळं होतं, ते मी कापून पितळी जोड बसवला. मग पुन्हा गेजला जोडून वरपासून खालपर्यंत तपासलं. दाब धरून ठेवतो, एक कणभरही उतरत नाही. असं काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

पट्टा जरा रुंद आहे. वहिनींच्या दंडाला जवळजवळ दोन वेढे बसतात. मी बांधत होतो तर म्हणाल्या, "हा माझ्यासाठी आणलात की एखाद्या घोड्यासाठी?" आई म्हणाली, "घोड्याचा असू दे नाहीतर हत्तीचा, आकडा काय म्हणतो ते सांग."

आकडा उतरला. पहिल्याच वेळी. अगदी आदर्श म्हणता येणार नाही, पण सिस्टरांनी ज्या रेषेच्या वर जाऊ नका म्हणून सांगितलं होतं तिच्या खाली. दुसऱ्या दिवशी मोजलं, तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

म्हणजे तुझंच खरं झालं. हे लिहायला मला जड जातं आहे, पण खरं ते खरं. आईने तुला लगेच फोन लावला, तुझं हसणं मला दारापर्यंत ऐकू आलं.

तरीही रजेचं मनावर घे. आकडा उतरला म्हणून पाय दुखायचे थांबले नाहीत.

धाकटा

२४ मार्च

दादा,

तू उत्तर पाठवणार नाहीस हे मी धरून चाललो आहे. तरी लिहितो, कारण या घरात मी बोललो की सगळे मशीनकडे बोट दाखवतात.

वहिनींनी या आठवड्याची तपासणी चुकवली. मागच्या आठवड्याचीही. कारखान्यात मोठं काम आलं आहे, सुट्टी मागितली की मुकादमीण तोंड वाकडं करते. मी म्हटलं, "मी येतो बरोबर, अर्ध्या दिवसात परत येऊ." तर आई मध्ये पडली.

"आकडा चांगला येतोय ना?"

"येतोय."

"तूच मोजतोस ना?"

"मीच मोजतो."

"मग तुझाच तुझ्यावर विश्वास नाही का रे?"

मी पट्टा गुंडाळून ठेवला.

मला जे दिसतं ते सांगतो. सकाळी उठल्यावर वहिनींचा चेहरा सुजलेला असतो, डोळ्यांखाली जास्त. पाय सुजतात हे सगळ्या बायकांना होतं असं आई म्हणते, असेल. पण अंगठी निघत नाही. परवा साबण लावून काढली, ती आता देवळीत, कंगव्याशेजारी ठेवली आहे. डोकं दुखतं. कपाळाला दोरी आवळल्यासारखं दुखतं म्हणतात. काल ओट्याशी उभ्या असताना म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला काजवे दिसले का आत्ता?" मी म्हटलं, "भर दुपारी?" तर हसल्या. "मग वाफेचा परिणाम असेल."

मी रोज मोजतो. कधी कधी दोनदा. तेच येतं, रेषेच्या खाली. गेजला जोडून पुन्हा दोनदा तपासलं, चूक सापडत नाही. स्वतःला लावून पाहिलं. माझाही आकडा छान आला, नेहमीपेक्षा छानच. त्याचाही मला आनंद झाला, म्हणजे बघ.

काटा म्हणतो सगळं ठीक आहे. चेहरा म्हणतो नाही. मी शाळा सोडून बाबांच्या हाताखाली बसलो त्या दिवसापासून एकच शिकलो, की डोळा फसवतो, काटा फसवत नाही. बाबा तेवढं एकच शिकवून गेले. आता काट्यासमोर बसून मला भीती वाटते आणि ती कुणाला सांगता येत नाही, कारण ती मोजता येत नाही.

तुझं एक वाक्य, दादा. बाकी काही मागत नाही.

धाकटा

२ एप्रिल, दवाखान्यातून

दादा,

आईने तुला फोनवर सांगितलं असेल. नीट सांगितलं नसणार, ती नुसती रडते आहे.

आज दुपारी कारखान्यात वहिनींच्या बरगडीखाली दुखायला लागलं, मग उलटी झाली. मुकादमिणीनेच रिक्षात घालून इकडे आणलं आणि मला दुकानात फोन केला. मी पोचलो तेव्हा त्या बाकावर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "इस्त्री बंद केली का हो मी?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मुकादमीण म्हणाली, "केली गं बाई, मी स्वतः बटण दाबलं." नंतर त्यांचे डोळे वर गेले आणि सगळं अंग आखडलं. मला वाटलं, गेल्या. सिस्टर धावत आल्या, मला ढकलूनच बाजूला केलं. झटका होता. थांबला.

सिस्टरांनी बीपी मोजलं. आकडा मी लिहीत नाही. आपल्या गेजवर तिथे लाल पट्टा असतो.

ऑपरेशन करून बाळ बाहेर काढायचं आहे, दिवस भरायच्या खूप आधी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थांबलो तर दोघांनाही धोका आहे. कागदावर सही कोण करणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, "मी दीर आहे. नवऱ्याला फोन लावतो." तुला लावला. तू कापलास.

मी माझ्या फोनवरून लावला होता. सवयीने.

सही मी केली. आत घेऊन गेले आहेत. माझं मशीन पिशवीत आहे, येताना का उचललं कुणास ठाऊक.

५ एप्रिल

दादा,

मुलगी आहे. वहिनी शुद्धीवर आहेत, झटका पुन्हा आला नाही. हे आधी लिहिलं, कारण तू पत्र पुरतं वाचशील की नाही याची मला खात्री नाही.

मुलगी काचेच्या पेटीत आहे. काउंटरवर बाबांचं ते दोन किलोचं पितळी वजन आहे ना, जे तू लहानपणी एका हाताने उचलून दाखवायचास, त्याच्यापेक्षा ती हलकी आहे. बरीच हलकी. रडते, पण आवाज असा येतो की शेजारच्या खोलीत कुणी दार लोटलं असं वाटतं. नाकात बारीक नळी आहे. सुरुवातीला साखर उतरली, मग अंग गार पडायला लागलं, दोन्ही सावरलं. पहिले काही दिवस असं चालायचं, असं इथल्या सिस्टर सांगतात. त्यांच्या 'चालायचं' या शब्दावर आम्ही जगतो आहोत.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं की बाळ एवढं बारीक का. त्यांनी कागदावर वार काढून दाखवली. म्हणाल्या, आईचा दाब असा चढलेला राहिला की वारेतल्या रक्तवाहिन्यांतून नीट पुरवठा होत नाही. बाळाला पोचायचं ते कमी पोचतं. ते वाढायचं थांबतं, आणि आहे त्यात जीव धरून राहतं. "तुमच्या पुतणीने खूप दिवस कमीत भागवलं आहे," असं म्हणाल्या. आम्ही घरात बसून आकड्यावर खूश होतो तेव्हा.

मग त्यांनी विचारलं, घरी मोजत होता ना? मी पिशवीतून मशीन काढून दिलं. त्यांनी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पट्टा हातात घेतला, उलगडला आणि वहिनींच्या दंडाकडे पाहिलं.

"हा पट्टा कुणाचा?"

"मी बसवला. पहिला गळत होता."

"हा जाड दंडाच्या माणसाचा आहे. बारीक दंडाला एवढा रुंद पट्टा बांधला तर आकडा कमी येतो. खरा असतो त्यापेक्षा कमी."

मी म्हटलं, "पण मी गेजला जोडून तपासलं होतं."

"तुम्ही मशीन तपासलंत. दंड तपासला नाहीत."

तिथेच त्यांनी वॉर्डातला पट्टा जोडून माझं बीपी मोजलं. माझंही घरच्यापेक्षा जास्त आलं. माझा दंड तुला माहीतच आहे, गुंजेएवढा म्हणून तू उगाच मला गुंज्या म्हणत नव्हतास.

मी विचारलं, "हे माझ्यामुळे झालं का?" मला सरळ उत्तर हवं होतं आणि त्यांनी सरळच दिलं. "आजार पट्ट्यामुळे होत नाही. तो त्यांना होणारच होता. कळायला उशीर मात्र झाला. पट्ट्यामुळे झाला, तपासण्या चुकवल्यामुळे झाला, आणि पेशंट समोर असताना तुम्ही सगळे मशीनवर मतं देत बसलात त्यामुळे झाला. वेळेवर आल्या असत्या तर औषधं सुरू केली असती, झटका येऊ नये म्हणून इंजेक्शन दिलं असतं, बाळावर लक्ष ठेवलं असतं. आता झालं ते झालं."

दादा, हे मी स्वतःला वाचवायला लिहीत नाही. पट्टा मी आणला, जोड मी बसवला, त्यावर खूशही मीच झालो. पण पुढचं ऐक.

त्यांनी वहिनींना विचारलं, "आईला किंवा बहिणीला बाळंतपणात असा त्रास झाला होता का?" हाच प्रश्न पहिल्या तपासणीलाही विचारला होता. तेव्हा वहिनींच्या आधी आईच बोलली होती, "छे छे, तिच्या माहेरी सगळे धडधाकट." या वेळी आई बाहेर होती. वहिनी म्हणाल्या, "माझी आई झटके येऊनच गेली. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी."

डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं?"

"यांना माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. 'यांना' म्हणजे तुला. "लग्नाआधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, सासूबाईंना सांगू नकोस, उगाच घाबरतील."

मी तिथे उभा होतो. खिडकीबाहेर पाहिलं, कारण वहिनींकडे पाहवेना. पहिलंच बाळंतपण, वय पस्तिशीपुढचं, दिवसभर उभ्याचं काम, आणि आईचा हा इतिहास. एवढं सगळं एका बाजूच्या पारड्यात होतं आणि ते तुला माहीत होतं. आणि तू मला काटा बसवून द्यायला सांगितलंस! तुझ्या तोंडून ते एक वाक्य आलं असतं तर सिस्टरांनी पहिल्या दिवसापासून वहिनींना सोडलं नसतं. उगाच घाबरतील म्हणे. घाबरायलाच तर हवं होतं.

मला खूप काही लिहायचं होतं. दोन पानं लिहून फाडली. त्यांत शब्द नीट लागले नव्हते.

काल आईने सांगितलं, जहाज रिकामं झाल्याशिवाय तुला सुट्टी मिळत नाही. बरं.

धाकटा

१६ एप्रिल

दादा,

मुलीची नळी निघाली. आता चमच्याने दूध घेते, एका वेळी इतकं थोडं की पाहणाऱ्याचाच धीर सुटावा. वजन आधी उतरलं, मग स्थिर झालं, आता वर चढतं आहे. तिथला वजनकाटा चांगला आहे. मी हात लावला नाही. वहिनी तिला धाकटी गुंज म्हणतात. आईला ते आवडत नाही, म्हणते नावं ठेवू नका पोरीला. वहिनी म्हणाल्या, "मग तुमच्या मुलाला यायला सांगा आणि चांगलंसं ठेवा."

वहिनींना आठ दिवसांपूर्वी घरी सोडलं. मुलगी अजून दवाखान्यात आहे, त्या दिवसातून दोनदा तिच्यासाठी दूध काढून घेऊन जातात. सोडताना सिस्टरांनी बजावून सांगितलं की बाळ झालं म्हणून हे संपत नाही, कित्येक दिवस दाब पुन्हा चढू शकतो, रोज मोजा. त्यांनी वॉर्डातला एक लहान पट्टा दिला. नळीला तो घरी जाऊन जोडीन म्हटलं तर म्हणाल्या, "इथेच जोडा, माझ्यासमोर. आणि यांच्याच दंडावर मोजून दाखवा." जोडला. मोजून दाखवला.

आता आज सकाळचं सांगतो.

वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. रात्रीपासून डोकं जड आहे म्हणत होत्या. मी पट्टा बांधला, एकच वेढा, घट्ट. ठोका ऐकला. आकडा खूप वर होता. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. तेवढाच. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं? परत बिघडलं वाटतं ते. बाळंतीण बाई ती, आता कशाला वाढेल? थांब, त्याला लावते फोन."

तू पहिल्या घंटेला उचललास. आईने तुला काहीतरी सांगितलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "तुला मागतोय."

गेल्या सुट्टीनंतर तू मला पहिल्यांदा मागितलंस. मी फोन कानाला लावला. तू म्हणालास, "गुंज्या, नीट बघितलंस ना? तो काटा..."

तुझा आवाज किती दिवसांनी ऐकत होतो. घाबरलेला होता, ते मला कळलं. पण प्रश्न तोच होता.

तेवढ्यात वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांनी चपला कधी घातल्या ते मला दिसलंच नाही. तुला म्हणाल्या, "काटा बरोबर आहे. मी निघाले." आणि फोन आईच्या हातात दिला. बंद केला नाही, त्यामुळे पुढचं तू ऐकलंच असशील. आई म्हणाली, "अगं, तो काय म्हणतो ते तरी ऐक." वहिनी दारातून म्हणाल्या, "ऐकलं की. सात महिने ऐकलं." मग दार वाजलं. ते वहिनींनी आपटलं नाही, माझ्या खांद्यावरच्या पिशवीने आपटलं. मी मशीन घेऊन मागे धावलो.

दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं. सिस्टरांनी मोजलं, त्यांचाही आकडा तोच आला. औषध सुरू केलं आहे, दुपारपासून उतरतो आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं थांबला नाहीत." कुणासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. खाट वरच्या मजल्यावर मिळाली, काचेच्या खोलीच्या समोरच. संध्याकाळी मुलीला पहिल्यांदा पेटीतून काढून वहिनींच्या छातीशी बांधलं, कातडीला कातडी लागेल असं. तसं ठेवलं की बाळ ऊब धरतं म्हणे. फडक्याचा एकच वेढा पुरला. सिस्टर गाठ मारत होत्या तेव्हा मी बघत होतो, सैल नाही ना. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तपासलंत का?" मी म्हटलं, "हो." त्या हसल्या. इतक्या दिवसांत मीही पहिल्यांदा हसलो.

रजेचं तुला आता लिहीत नाही. वहिनींनी कारखान्याला स्वतःच कळवलं. सिस्टरांनी त्यांच्या आईबद्दल विचारून सगळं लिहून घेतलं, मुलीच्या कागदावरही. पुढे मुलगी मोठी झाली की तिलाही कुणीतरी हा प्रश्न विचारेल, तेव्हा उत्तर तयार असावं म्हणून. हे तू वाचावंस असं मला वाटलं.

दुपारपासून माझ्या फोनवर तुझा फोन दोनदा येऊन गेला. माझ्या. मी कापला नाही. दोन्ही वेळा सिस्टर माझ्याकडून वहिनींचं बीपी मोजून घेत होत्या; एका हातात पट्टा होता, दुसऱ्या हातात पंप, आणि कानात नळी.

पुन्हा कर. उचलेन.

गुंज्या